प्रिन्सला ब्राउझरमध्ये आणणाऱ्यांस अनावृत आभारपत्र

‘प्रिन्सजेएस’ घडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सर्व प्रोग्रामरांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. आपली माझी ओळख नाही आणि मराठीत लिहिलेले हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचेलच असेही नाही. तरीही ज्या भाषेत मी मुलांना आपले काम समजावून सांगते, त्याच भाषेत आपले आभार मानावेत असे वाटले. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा 1989 सालचा खेळ आपण ब्राउझरमध्ये चालेल असा नव्याने लिहून काढलात आणि आपला कोड कोणालाही वाचता येईल असा खुला ठेवलात. त्यातून माझ्या वर्गाला जे मिळाले, ते इथे नोंदवत आहे.

हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो 1996 साली, आमच्या गावातल्या संगणक वर्गात. डॉस या जुन्या संगणकप्रणालीवर चालणारी ती प्रत कोणीतरी फ्लॉपीवरून आणलेली होती आणि तिच्यासोबत पुस्तिका नव्हती. पहिली लेव्हल, म्हणजे पहिला टप्पा, पार करताच एका खोलीत अक्षरे लिहिलेल्या कुप्या मांडलेल्या असत. पुस्तिकेतल्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे पहिले अक्षर असलेली कुपी प्यायची, नाहीतर राजपुत्र जागीच मरे. आम्ही पाच-सहा जणांनी एका वहीत पान, ओळ, शब्द आणि बरोबर ठरलेले अक्षर असे रकाने आखले आणि राजपुत्राला असंख्य वेळा मारून ते भरत नेले. नोंद ठेवून एखाद्या अनोळखी गोष्टीचा नियम शोधता येतो, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी त्या वहीने शिकवले.

म्हणूनच आपला प्रिन्स पहिल्यांदा सुरू केला तेव्हा मी तो डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त तपासला. धावता धावता थांबायचे ठरवले तरी राजपुत्र लगेच थांबत नाही, घसरत दोन पावले पुढे जातो. लांब उडीला धाव लागते आणि एकदा उडी घेतली की ती मागे घेता येत नाही. कड्याच्या टोकाशी जायचे तर शिफ्टची कळ दाबून एकेक पाऊल टाकावे लागते. हे सगळे जसेच्या तसे हाताला लागले. डॉसवरच्या त्या जुन्या खेळात राजपुत्राची हालचाल सेकंदाला सुमारे 12 चित्रांच्या गतीने होते, तर आजचा पडदा सेकंदाला साधारण 60 वेळा आणि काही फोनवर 120 वेळा नव्याने रंगवला जातो. खेळाची गती पडद्याच्या हाती सोपवली असती तर राजपुत्र पिसाटासारखा धावला असता. ती जुन्या तालावर बांधून ठेवायला स्वतंत्र विचार करावा लागतो. खेळ अधिक गुळगुळीत, अधिक सोपा करण्याचा मोह आपण टाळलात, याचे मला सर्वांत जास्त मोल वाटते, कारण या खेळाचा सगळा जीव त्या वजनदार उडीत आहे. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले होते आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून घेतले होते. ते चित्रण 1985 सालचे. त्या मुलाच्या पावलांचा भार आज आमच्या शाळेतल्या पडद्यावर जाणवतो.

आमच्या प्रयोगशाळेतले संगणक जुने आहेत आणि त्यांवर काही नवीन बसवण्याची परवानगी मुलांना नसते. ब्राउझर मात्र प्रत्येकावर आहे, आणि तेवढे पुरले. नववीच्या मुलांनी आठवडाभर खेळ खेळला; मग आम्ही कोड उघडला. प्रत्येक खोली तीन ओळी आणि दहा रकान्यांची, म्हणजे 30 फरश्यांची, एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त 24 खोल्या, आणि प्रत्येक फरशीचा प्रकार कोडमध्ये एका आकड्याने लिहिलेला, हे समजल्यावर एका मुलीने पहिल्या लेव्हलमधल्या साध्या फरशीच्या आकड्याजागी जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांचा आकडा लिहिला, पान पुन्हा उघडले आणि राजपुत्र नेमका तिथे पडला. ‘बाई, मी बदललं ते खरंच झालं!’ असे ती ओरडली. दोन वर्षे फळ्यावर जे समजावून सांगताना मी थकले होते, ते त्या एका आकड्याने झाले.

हे काम आपल्या एकट्याच्या बळावर उभे नाही, हेही मी वर्गात आवर्जून सांगते. डॉस आवृत्तीच्या फाइलींची रचना ‘प्रिन्स्ड’ या चाहत्यांच्या गटाने चिकाटीने उलगडून लिहून ठेवली. पुढे 2012 साली मेकनर यांच्या वडिलांना घरात जुन्या डिस्कचे हरवलेले खोके सापडले आणि ॲपल टू संगणकासाठी असेंब्ली भाषेत लिहिलेला मूळ कोड मेकनर यांनी त्याच वर्षी सर्वांसमोर ठेवला. आरशातून बाहेर पडणारा राजपुत्राचा छायाशत्रू हा राजपुत्रासारखाच का दिसतो, असे एका मुलाने विचारले होते. खेळ लिहिताना ॲपल टू संगणकाची मेमरी संपत आली होती, नव्या पात्राच्या चित्रांना जागा उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचेच चित्र किंचित सरकवून त्याच्याच चित्राशी मिसळले आणि ती छाया तयार झाली, हे ऐकल्यावर वर्ग काही क्षण अगदी शांत झाला. शेवटी त्या छायेशी लढायचे नसते, तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जायचे असते, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. ते त्यांचे त्यांनी शोधावे.

आपल्यापैकी ज्यांनी रात्री जागून एकेका चित्राचा, एकेका आवाजाचा मूळ खेळाशी ताळमेळ घातला असेल, त्यांच्या कष्टांची जाणीव एका दूरच्या शाळेत आहे, हे आपणांस कळावे एवढीच इच्छा आहे. पुढच्या सत्रात मुले स्वतःची लेव्हल रचणार आहेत. चौकटीच्या वह्यांमध्ये दहा रकान्यांच्या खोल्या आखायला त्यांनी आत्ताच सुरुवात केली आहे.

आपली कृतज्ञ,
एक संगणक शिक्षिका