डोळ्याचा फोटो निघाला, पुढं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावात गेल्या वर्षी शुगरवाल्यांसाठी डोळ्यांचं शिबिर झालं. समाजमंदिराच्या खिडकीला चादर लावून अंधार केला, आईच्या डोळ्यात थेंब टाकले आणि एका मुलीनं मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्यानं डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. स्क्रीनवर नारिंगी गोल, त्यात लाल शिरा, बाजूला पिवळट ठिपके. आई म्हणाली, "हे माझ्या डोळ्यात हाय?" दोन मिनिटांचं काम, तालुक्याला जायची गरज नाही, आम्ही खुश.

रिपोर्टचा मेसेज आला तो इंग्रजीत, आणि आला माझ्या पुतण्याच्या नंबरवर कारण रजिस्टरमध्ये त्याचाच नंबर दिलेला, तो पुण्यात, त्याला वाटलं कंपनीची जाहिरात आहे, उडवून टाकला. कुणाचा फोन नाही, आशाताईंना तर यादीच मिळाली नव्हती. आठ महिन्यांनी आईला पोथीची अक्षरं तुटक दिसायला लागली तेव्हा आम्ही जागे झालो. शुगरमुळं पडदा खराब होताना सुरुवातीला काही दुखत नाही, दिसतंही नीट, म्हणून तर तो फोटो काढायचा असतो ना?

मोबाईलला मी नावं ठेवत नाही हो. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत असेच फोटो काढून फोनमधल्याच एआयनं, इंटरनेट नसताना तपासले, त्याचा अभ्यास २०१९ साली छापून आलाय. तिकडं केनियात नाकुरू भागात फोनवर इंग्रजी ई अक्षर फिरवून नजर तपासली, पेशंटनं फक्त बोटानं दिशा दाखवायची, अक्षरओळख नसली तरी चालतं. आपल्याकडं हे का नको? पण व्हॉट्सॲपवर लाल डोळ्याचा फोटो पाठवून मेडिकलवाल्याकडून थेंब आणणं म्हणजे तपासणी नव्हे, आणि पडद्याच्या फोटोतून डोळ्याचं प्रेशरही मोजता येत नाही, ते काही लोकांना कळतच नाही (आमचे मेहुणे त्यातलेच).

माझं म्हणणं एवढंच की शिबिर घेणाऱ्यांनी रिपोर्ट मराठीत द्यावा, कागदावर द्यावा, आणि ज्यांना पुढं पाठवायचंय त्यांची यादी त्याच दिवशी आशाताईंच्या हातात द्यावी, तालुक्याच्या तारखेसकट. कॅमेऱ्यापुढं हा खर्च काहीच नाही.

आईच्या उजव्या डोळ्याला लेसर झालंय, गेलेली नजर येणार नाही पण आहे ती टिकेल म्हणाले डॉक्टर. डाव्याचं पुढच्या मंगळवारी आहे.

आपला एक वाचक, जि. सातारा