रहस्य त्या काळातच रुजलेलं हवं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला ऐतिहासिक मालिकांवरचा लेख दोनदा वाचला. पोशाख, दागिने, वाड्यांचे सेट, संवादांची भाषा यांवर त्यात पुष्कळ लिहिलं आहे. पण जुन्या काळात घडणाऱ्या रहस्यमालिकांचं नावही नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी पुण्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर जुन्या मराठी कागदपत्रांची मोडी लिपी शिकले आणि रहस्यकथा तर लहानपणापासून वाचत आले. त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

माझ्या पिढीला अशी मालिका म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती बंगाली रहस्यकथांवर बेतलेली, दूरदर्शनवरची हिंदी मालिका ‘ब्योमकेश बक्षी’. पहिलं पर्व १९९३ मध्ये आलं, दुसरं १९९७ मध्ये. दिग्दर्शन बासू चटर्जींचं. ब्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर, त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना आणि त्याची बायको सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी, म्हणजे सत्य शोधणारा, म्हणवतो. कलकत्त्यातल्या हॅरिसन रोडवरचं भाड्याचं घर, चहा आणून देणारा पुंटीराम, समोर पसरलेला पेपर आणि दोन मित्रांच्या गप्पा. एवढ्या साध्या सामग्रीवर त्या मालिकेनं आम्हाला टीव्हीसमोर खिळवून ठेवलं होतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ती पुन्हा दाखवली. मुलगा आणि सून आपापल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची, आणि मी व माझा अकरा वर्षांचा नातू टीव्हीसमोर. ‘रास्ते का काँटा’ लागला त्या दिवशीची गोष्ट सांगते. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांची आधी क्षमा मागते, कारण रहस्य सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुढे जाणार नाही. कलकत्त्याच्या रस्त्यावर चालता चालता माणसं एकाएकी कोसळून मरतात आणि त्यांच्या काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. पेपरात पुन्हा पुन्हा एक छोटी जाहिरात येत असते, वाटेतला काटा दूर करून देणाऱ्याची. शेवटी कळतं, की पिन सुटते ती सायकलच्या घंटेतून. सायकलवाला घंटी वाजवत येतो, माणूस बाजूला होतो, घंटी पुन्हा वाजते आणि काम झालेलं असतं.

नातवानं विचारलं, “आजी, ग्रामोफोनला पिन कशाला लागते?” मी माळ्यावरून कुत्र्याचं चित्र असलेली पत्र्याची डबी काढली. आमच्याकडे ग्रामोफोन होता तेव्हा रेकॉर्डची एक बाजू वाजली की पिन बदलायची, नाहीतर रेकॉर्ड खराब होते, हे वडील आम्हाला रोज बजावत. डबीत अजून वीसेक पिना होत्या, थोड्या गंजलेल्या. त्यानं एक तळहातावर घेतली, बोटानं टोक चाचपलं. मग मी वडिलांच्या सायकलची घंटा काढून दिली. ते रोज सायकलनं खडकीला कामावर जात. सायकल कधीच भंगारात गेली, घंटा तेवढी मी ठेवून घेतली होती. नातवानं वरची वाटी फिरवून काढली. आत दातेरी चक्रं, अंगठ्याच्या दांडीला मागे ओढणारी स्प्रिंग आणि वाटीला आतून आपटणाऱ्या दोन सैल चकत्या. तो कितीतरी वेळ ती दांडी दाबत बसला होता. म्हणाला, “म्हणजे स्प्रिंग जरा मोठी लावली की झालं!”

मला त्या क्षणी या मालिकेची सगळी ताकद समोर दिसली. तो खून १९३० च्या सुमारासच होऊ शकतो. घरोघरी ग्रामोफोनच्या पिना आहेत, त्यामुळे हत्यार कुठून आलं याचा माग लागत नाही. रस्त्यात पावलोपावली सायकली आहेत, त्यामुळे घंटीकडे कुणी वळून बघत नाही. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्याच्या माणसाला तर हे समजावून सांगावंच लागत नाही. काळ इथे खुन्याला हात देतो आहे आणि पुढे तोच काळ त्याला पकडूनही देतो. ऐतिहासिक रहस्यमालिकेकडून मला हेच हवं असतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मालिकेचा संयम. एक कथा एका भागात संपायची, फार तर दोन. पार्श्वसंगीत अंगावर येत नसे. एकाच चेहऱ्यावर तीन-तीन वेळा कॅमेरा मारून “बघा, हा दचकला” असं प्रेक्षकाला बजावलं जात नसे. ब्योमकेश विचार करतो आहे हे रजित कपूरच्या नुसत्या गप्प बसण्यातून कळायचं. आणि तो धोतरातला, संसारी, मध्यमवर्गीय माणूस आहे. सत्यवतीही त्याला भेटते ती एका तपासातच, तिच्या भावावर खुनाचा आळ आलेला असताना. असा माणूस आपल्या शेजारच्या वाड्यात राहत असेल असं वाटतं, म्हणून तर तो महाराष्ट्रातही एवढा आपला झाला.

पण मालिकेवर प्रेम आहे म्हणून तिच्यातली उणीव झाकावी असं मला वाटत नाही. ‘रास्ते का काँटा’मध्ये जो काळ कथेच्या हाडामासात आहे, तो इतर बऱ्याच भागांत नुसता खुंटीवर टांगलेला दिसतो. धोतर आहे, दिवा आहे, जुना फोन आहे, पण बाहेरचं शहर नाही. बहुतेक गोष्ट खोल्यांमध्ये घडते आणि खिडकीबाहेर काय चाललं आहे ते कळत नाही. पैसा बेताचा होता हे दिसतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो काळ केवढा होता! महायुद्ध, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, १९४६ च्या दंगली, फाळणी. मूळ कथांमध्ये हे पुरेपूर आहे. दंगलींपासून स्वातंत्र्यापर्यंतच्या कलकत्त्यात घडणारी एक कथा आहे, तिच्यातून दंगल आणि काळ्या बाजाराचा पैसा काढून घेतला तर हातात फारसं काही उरत नाही. पडद्यावर ती भीती, ती चणचण मला जाणवली नाही. माझ्या नातवाला तर आपण कुठल्या सालात आहोत हेही समजेना. आणि सत्यवती! लग्नाआधी इतकी ठाम, बुद्धिमान दिसणारी मुलगी, नंतर बरेचदा तिच्या वाट्याला चहाचा ट्रे आणि दोन हसरी वाक्यं. सुकन्या कुलकर्णींसारखी अभिनेत्री हाताशी असताना असं व्हायला नको होतं.

याची मला अधिक हळहळ वाटते, कारण ब्योमकेशच्या मूळ कथा लिहिणारे बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय स्वतः इतिहासाचे मोठे जाणकार होते. आणि हे पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नाही, की ते आपल्या गावचे रहिवासी होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पटकथा लिहायला ते आले आणि १९५२ मध्ये ते सगळं सोडून पुण्यात स्थायिक झाले, फक्त लिहिण्यासाठी. १९७० साली ते वारले, तोवर त्यांचं घर इथेच होतं. ब्योमकेशच्या पहिल्या कथा १९३२ ते १९३६ मधल्या. मग पंधरा वर्षं त्यांनी ब्योमकेशला हातही लावला नाही. १९५१ नंतर तो परत आला, म्हणजे त्याच्या निम्म्याहून अधिक कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. एका कथेत ब्योमकेश चक्क महाबळेश्वरला येतो आणि तिथून अजितला पत्र लिहितो. विजयनगरच्या साम्राज्यावर कादंबरी लिहिणाऱ्या या माणसानं शिवकालातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथाही लिहिल्या, त्या बंगालमधली मुलं आजही वाचतात. आपल्याकडे त्या किती जणांनी वाचल्या असतील?

आता आपल्या मराठी मालिकांकडे येते. अलीकडे एका वाहिनीवर, नाव घेत नाही, पेशवाईतल्या एका खुनाचं रहस्य म्हणून मालिका लागली होती. मी मोठ्या आशेनं बसले. पहिल्याच भागात एक गुप्त पत्र सापडतं. कॅमेरा जवळ गेला आणि पत्र मोडीऐवजी स्वच्छ बालबोध, म्हणजे आजच्या देवनागरी लिपीत, स्वल्पविराम, पूर्णविरामांसकट! खाली तारीख आपल्यासारखी. पुढे एक पहारेकरी म्हणतो, “पाच मिनिटांत आलो.” मग तीन महिने तोच खून, तोच संशय आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ढोल. मी पंधरा दिवसांनी बघणं सोडलं.

चुका काढायला मला आवडतं म्हणून हे लिहीत नाही. वाईट याचं वाटतं, की ज्या गोष्टी त्यांनी चुकवल्या त्याच तर रहस्याच्या किल्ल्या होत्या. मोडीतलं पत्र हातात घेऊन बघा. कागदावर आधी सबंध रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, शब्द एकमेकांना चिकटलेले. एकेका कारकुनाचं वळण ओळखता येतं, आणि एक अक्षर बदलून माणसाचा जीवही घेता येतो. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो ‘धरावे’चं ‘मारावे’ करून, असं सांगतात. ती दंतकथा असो वा खरी, एवढं तयार रहस्य कुठल्या शहराकडे आहे?

तारखेचंही तसंच. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर शुहूर सन असतो, आकडे अरबी शब्दांत लिहिलेले. नारायणरावांच्या खुनाचं साल ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, ११७४. हे साल बदलतं मृग नक्षत्र लागताना, आणि महिने मात्र मुसलमानी. आता कल्पना करा, कुणीतरी जुन्या तारखेचं खोटं पत्र तयार केलं आहे आणि मृगाच्या आधीच्या दिवसाला पुढचं साल टाकून बसला आहे. पकडला गेला! वेळेचा हिशोब घटिकांत, एक घटिका चोवीस मिनिटांची, पाण्यात तरंगणारं भोकाचं भांडं बुडलं की एक घटिका. ते भोक कुणी थोडं मोठं केलं असेल तर सबंध वाड्याची वेळ चुकेल आणि साक्षीदार प्रामाणिकपणे खोटं बोलतील. रात्री तोफ झाली की पुण्यात रस्त्यावर दिसणाऱ्याला कोतवालाची माणसं पकडून नेत. मग तोफेनंतर मेलेला माणूस दुसऱ्या पेठेत सापडला कसा? माझ्यासारख्या साध्या शिक्षिकेला एवढं सुचतं, तर लेखकांना किती सुचेल. सगळा मालमसाला आपल्या पुण्यातल्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेला आहे आणि भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवणारीही माणसं आहेत. एका माहीतगाराला लिखाणाच्या टेबलाशी बसवायला दागिन्यांच्या खर्चाचा किती भाग लागेल?

निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की अशी मालिका तेरा भागांचीच करा, पण तिच्यातला गुन्हा त्या सालाखेरीज दुसरीकडे घडूच शकणार नाही असा रचा. आम्ही बघू. माझा नातू आता सोळा-सतरा वर्षांचा आहे, तोही बघेल. ती घंटा अजून त्याच्या टेबलावर आहे.

आणि आपल्याला एक विनंती. शरदिंदूंच्या पुण्यातल्या वास्तव्यावर पुरवणीत लेख छापावा. त्यांना इथे पाहिलेली, त्यांच्याशी बोललेली माणसं आज ऐंशीच्या पुढची असतील. त्यांच्या आठवणी मागवाव्यात, लवकर मागवाव्यात. लिहून घ्यायला कुणी हवं असेल तर मी येईन.

आपली एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे