मॅडमना भेटायला जाशील तेव्हा

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

आर्किटेक्ट मॅडमनी शनिवारी चारला ऑफिसात बोलावलंय. मार्कशीट नेऊ नकोस, चित्रांची वही ने. आणि ‘आर्किटेक्चरला स्कोप आहे का’ हे तर अजिबात विचारू नकोस. लग्नाच्या पंगतीत विचारायचा प्रश्न आहे तो.

‘तुम्ही दिवसभर करता काय?’ असं विचार. इतकी वर्षं त्यांचे स्लॅब मी भरलेत, पण मला त्या फक्त साइटवर दिसतात. मंजुरीसाठी महापालिकेत घातलेले हेलपाटे, पैसे थकवणारे मालक, दार दोन इंच सरकवलं म्हणून पुन्हा काढावे लागणारे नकाशे, हे त्यांनीच सांगायला हवं. एखादं वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे बांधकामासाठी काढलेला मापांचा नकाशा, दाखवायला सांग. ते बघून कंटाळा आला, तर पाच वर्षं कशी काढशील?

कोणतं कॉलेज चांगलं, याऐवजी ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी कोणत्या कॉलेजची मुलं त्या पुढे नोकरीला ठेवतात आणि का, ते विचार. बी.आर्कला निदान एक सत्र ऑफिसात काम करावंच लागतं, त्यामुळे सगळीकडची मुलं त्यांनी पाहिलीत. कॉलेजला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का, हे मात्र आपणच तपासू. १९७२ च्या कायद्यानुसार तिथे नोंदणी असल्याशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. मान्यता नसलेल्या ठिकाणी पाच वर्षांची फी भरायची माझी तयारी नाही, आधीच सांगतो.

मॅडम शिकल्या तेव्हा सगळं ट्रेसिंग पेपरवर हाताने काढायचे. आताच्या कॉलेजचं त्यांना ऐकूनच ठाऊक असणार. म्हणून निघण्याआधी त्यांच्या ऑफिसातल्या नव्या मुलांजवळ बस. मॉडेलला आणि प्रिंटला महिन्याला किती जातात, जागरणं किती, नाटाची, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची, तयारी क्लासशिवाय होते का, हे तीच खरं सांगतील. मुलींना साइटवर काय ऐकून घ्यावं लागतं, तेही विचार. मी साइटवरचाच माणूस, मला काय ते माहीत आहे, पण तू त्यांच्या तोंडून ऐक.

आईला वाटतं, मी तुला सिव्हिलकडे ओढतोय. थोडं ओढतोयच. तरी बीम-कॉलमचं काही अडलं तर तिथे विचारू नकोस, रात्री मला फोन कर. ते तू दुसऱ्याकडून शिकलेलं मला चालणार नाही.

तुझे,
बाबा