गल्ला, क्यूआर आणि ओलं नेलपेंट

बडोदा

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

पार्लरसाठी रावपुऱ्यातला गाळा पक्का झाला हे वाचून फार आनंद झाला. खुर्च्या, आरसे, वॅक्स हीटर सगळं ठरवलंस, पण पैसे कसे घ्यायचे हे 'बघू नंतर' म्हणून ठेवलंस. ते आधी ठरव. नवरात्र तोंडावर आलं की बडोद्यातल्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा काउंटरवर घोळ परवडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सुरुवातीला रोख आणि दुकानाच्या नावाचा क्यूआर पुरे. कार्डाचं मशीन नवरीची बुकिंग येऊ लागली की घे.

दुकानाच्या नावाचा हे मुद्दाम सांगते. आपल्याच नंबरचा क्यूआर चिकटवला की भागतं असं वाटतं. पण त्यावर यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरून पैसे येत नाहीत, शिवाय घरखर्च, भिशी आणि धंदा एकाच खात्यात कालवला जातो. चालू खातं उघड आणि त्यावर मर्चंट क्यूआर, म्हणजे दुकानदारांसाठीचा क्यूआर, घे. ग्राहकाच्या बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराचं काही कापत नाहीत. क्रेडिट कार्डावरून आलेल्या यूपीआयवर मात्र २,००० रुपयांच्या वर कापतात. टक्का किती, ते सही करण्याआधी विचार. कामाच्या मुलीचा क्यूआर 'तात्पुरता' म्हणूनसुद्धा लावू नकोस. तिची टिप वेगळी, बिल वेगळं.

क्यूआरचा स्टँड मॅनिक्युअरच्या टेबलावर नको. ॲसिटोनचा थेंब पडला की ॲक्रिलिक विरघळून पांढुरकं होतं आणि कोड वाचला जात नाही. आरशाच्या दिव्यांसमोरही नको, उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. रोज सकाळी कोडावरून बोट फिरवून बघ, वर दुसऱ्याचं स्टिकर तर चिकटलेलं नाही ना.

पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स दाराजवळ ठेव. आतल्या केबिनमध्ये त्याच्या सिमकार्डाला बहुधा रेंज मिळत नाही, आणि ब्लोअर चालू असला की आवाज कानावर येत नाही. बॉक्स बोलला नाही तर तुझ्या ॲपमध्ये रक्कम आणि वेळ बघ. ग्राहकाच्या मोबाइलवरचा हिरवा टिक म्हणजे पैसे आले असं नाही. खोटी पावती दाखवणारी ॲप आहेत. आणि खरंच पैसे कापले गेले पण तुला मिळाले नाहीत, तर ग्राहकाच्या ॲपमध्ये दिसणारा त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर लिहून घे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे पाच दिवसांत ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत यायला हवेत. पुढे बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. बाईंना हे शांतपणे सांगितलंस की वाद होत नाही.

बिल कधी घ्यायचं, हेही महत्त्वाचं. नेलपेंट लावण्याआधी घे! ओल्या नखांनी पिन टाकायला गेली की नखं पुसतात आणि तुझी वीस मिनिटं पुन्हा जातात.

रोख म्हणजे थ्रेडिंग, अप्पर लिप, केस कापणं. सकाळी गल्ल्यात दहाच्या २०, वीसच्या १५ आणि पन्नासच्या १० नोटा ठेव, म्हणजे १,००० रुपये सुटे. रात्री तेवढे बाजूला काढून उरलेलं मोज आणि वहीशी ताडून बघ. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत कर भरणार असशील, तर रोख जमेवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरतात. सीएला हे जरूर विचार.

आता कार्ड. समज नवरीचं ८,००० चं बिल आहे आणि क्रेडिट कार्डावर २ टक्के कापले. १६० गेले, त्यावर जीएसटी २८.८०, मिळून १८८.८०. मशीनचं भाडं वेगळं. हे पॅकेजच्या दरात आधीच धर, काउंटरवर 'कार्ड असेल तर दोन टक्के जास्त' म्हणू नकोस. डिसेंबरात लग्नाला लंडन, न्यू जर्सीहून येणाऱ्या बायका परदेशी कार्ड काढतात. ते मशीनवर चालू करून मागावं लागतं आणि कापतातही जास्त. त्यांचं इथे एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं असेल, तर ब्रिटन-अमेरिकेच्या नंबरवरूनही यूपीआय चालतं. आधी तेच विचार.

नवरीच्या बुकिंगचा ॲडव्हान्स यूपीआयनेच घे आणि तारीख, रक्कम, बाकी लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठव.

क्यूआर आला की दुसऱ्याच्या मोबाइलवरून एक रुपया टाकून बघ. समोर दुकानाचं नाव नीट येतं का आणि पैसे चालू खात्यात कधी जमा होतात, ते मला कळव.

तुझीच,
मैत्रीण