रेसिपीत 'एक स्टॉक क्यूब' लिहिताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत सूपच्या रेसिपी आल्या होत्या, त्यातल्या एकीवर 'ग्लुटेन फ्री' असं छापलंय आणि साहित्यात बिनधास्त 'एक व्हेज स्टॉक क्यूब' (सूपला चव देणारी तयार वडी), म्हणून हे पत्र. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लुटेन, गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन, तिच्या आतड्याला इजा करतं. ब्रेड, बिस्किटं, पास्ता सगळं घरातून काढलं तरी तिचं पोट दुखायचं थांबेना, रक्ताचे रिपोर्टही सुधारेनात, शेवटी आहारतज्ज्ञ म्हणाल्या घरातलं एकूण एक पाकीट घेऊन या. क्यूबच्या कागदावरची अक्षरं इतकी बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचावी लागली, आणि शेवटून दुसरं नाव निघालं बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा अर्क. गहू कुठेच नव्हता ना, म्हणून मी आठ महिने ते तिला घालत होते. अजून आठवलं की जीव तुटतो.

ग्लुटेन फक्त गव्हात नसतं, बार्ली आणि राय (हे गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) यांच्यातही असतं, आणि कितीही उकळलं तरी जात नाही. त्यामुळे 'व्हीट फ्री' वाचून समाधान मानू नका. क्यूबमध्ये चव वाढवायला हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, म्हणजे गव्हाचंच विघटित प्रथिन, असू शकतं, सोया सॉस असेल तर त्यात बहुतेक वेळा गहू असतोच, आणि क्रीम सूपच्या पावडरी घट्ट करायला सर्रास गव्हाचं पीठ वापरतात. यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं जास्त अवघड, कारण ते बिअर करून उरलेल्या यीस्टचंही असतं आणि बिअर बार्लीची, कशापासून केलंय ते लिहिलं नसेल तर मी पाकीट परत ठेवते. माल्टोडेक्स्ट्रिनला मात्र उगाच घाबरू नये, नावात माल्ट असलं तरी बार्लीशी त्याचा संबंध नाही, ते बहुतेक मक्याच्या स्टार्चचं असतं. पाकिटावर स्पष्ट 'ग्लुटेन फ्री' हवं, कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या, नियमात त्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. आणि दर वेळी नव्याने वाचायचं, कंपन्या फॉर्म्युला बदलतात आणि वेष्टन तेच ठेवतात.

आता मी घरीच करते. कांदा, गाजर, सेलरी, लसूण, सुकवलेले मशरूम भरपूर मीठ घालून मिक्सरमधून काढायचं आणि बरणीत भरून फ्रीजमध्ये, मिठामुळे बरेच दिवस टिकतं, सूपला चमचाभर पुरतं. मशरूम वगळू नका, क्यूबची ती खोल चव त्यांनीच येते. सूप घट्ट करायला गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर, तेही ग्लुटेन फ्री लिहिलेलं.

तुम्हाला एवढीच विनंती, यापुढे रेसिपीत क्यूब किंवा तयार स्टॉक आला की शेजारी कंसात 'ग्लुटेन फ्री लिहिलेलाच घ्या' असं छापा, आणि त्या रेसिपीची दुरुस्ती पुढच्याच अंकात द्या, कुणीतरी ती कापून ठेवली असेल.

आपली,
एक नियमित वाचक