चादर धुणाऱ्या माझ्या लेकीला

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

पाचगणीहून घरी पोचून चार दिवस झाले. फोनवर हे नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले आहे.

खरं सांगते, मी तुला घेऊन जायलाच आले होते. पुण्यातली नोकरी सुटून सहा महिने झाले, कुठून तरी मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तू म्हणालीस, "आई, इथे मुलांची अजून दोन शिबिरं आहेत, जून लागेपर्यंत थांबते." पप्पा गप्प बसले. मी मात्र तुझा निळा ड्रेस इस्त्री करून पिशवीत घातला आणि नगरहून पुण्याची एसटी धरली. वाईच्या पुढे पसरणी घाट चढताना तुला काय काय सुनवायचं, ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

रात्री तुझ्या बारा मुलींच्या खोलीतच मला झोपायला जागा दिलीस. पहाटे साडेचारच्या सुमाराला जाग आली. तू एका लहानगीच्या पलंगाशी वाकली होतीस. उजेड कुणाच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून टॉर्चवर बोटं धरलेली. पोरीने अंथरूण ओलं केलं होतं. तू तिला कोरडा फ्रॉक घातलास, गादी उलटवलीस, स्वतःची चादर काढून तिच्या गादीवर अंथरलीस आणि ओली चादर बादलीत घालून मागच्या नळावर गेलीस. त्या गार पाण्यात चादर घासल्याचा आवाज मी पडल्या पडल्या ऐकत होते. बाकीच्या अकराजणींना काही कळलंच नाही. सकाळच्या उपासनेला ती पोर सगळ्यात पुढे बसून मोठ्याने गात होती.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13 व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, ते मी किती वर्षं चर्चच्या शब्बाथशाळेत शिकवते आहे. त्या पहाटे ते माझ्यापुढे घडत होतं आणि ते करणारी माझी मुलगी होती. तुला सुनवायला आणलेलं सगळं तिथेच विरलं.

दोन वर्षं त्या ऑफिसात होतीस, पण तिथल्या एकाही माणसाचं नाव आमच्या कानावर आलं नाही. रविवारी संध्याकाळ झाली की तुझा चेहरा उतरायचा. इथे जेवताना तू सांगत होतीस, कुणाला वांगं चालत नाही, कुणाला झोपताना आजी आठवते, कुणाचे वडील दारू पितात आणि म्हणून ती दार वाजलं की दचकते. स्वयंपाकघरातल्या मावशी तुला हाक मारून भाकरीचा पहिला पापुद्रा देतात. शेकोटीपाशी तुम्ही सगळे लीडर एकमेकांसाठी प्रार्थना करत होता, तेव्हा तुझ्या पाठीवर चार हात होते. बाळा, परक्या गावात माझ्या मुलीच्या पाठीवर हात ठेवणारी माणसं आहेत, याचे उपकार मी कसे फेडू?

परतताना पंडिता रमाबाई सारख्या मनात येत होत्या. लोणावळ्याला अशीच शिबिरं भरत. एके वर्षी त्या आपल्याकडच्या 15 मुली घेऊन तिथे गेल्या आणि त्यांनी देवाकडे पंधराच्या पंधरापट, म्हणजे 225 मुली मागितल्या. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. आल्या त्या मुली उपाशी, आजारी, अंगावर धड कपडा नसलेल्या. केडगावला त्यांना न्हाऊमाखू घालायला, रात्री उशाशी बसायला आधीच्या मुलीच पुढे झाल्या. आपण रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट सांगतो तेव्हा या मुलींबद्दल फार कमी बोलतो. मला तरी आता त्याच आधी आठवतील.

आता एक माझ्या काळजीचं. मी 19 वर्षांची असताना तरुण संघाच्या शिबिराला गेले होते. शेवटच्या दिवशी वहीत तीस पत्ते लिहून घेतले, गळ्यात पडून रडले आणि घरी आल्यावर एकालाही पत्र टाकलं नाही. हळूहळू ती ऊब गेली. ते मला अजून सलतं. जूनमध्ये शेवटची बस सुटली की तुलाही रिकामं वाटेल. त्याच आठवड्यात बारा पोस्टकार्डं लिही. त्या अंथरूणवालीला सगळ्यात आधी.

नोकरी लागेलच. पैसा लागतो, ते मी लपवत नाही. मुलाखतीची पुढची तारीख मागून घे, नाही दिली तर दुसरी बघू. पण नगरला मुलांचं असं काही करायला जागाच नाही म्हणालीस, ते मला पटलं नाही. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांसाठी सुट्टीतली बायबल शाळा भरवली, तीसुद्धा भाड्याने घेतलेल्या दारूच्या गुत्त्यात. आपल्याकडे तर अंगण आहे, चिंचेची सावली आहे. पाळकसाहेबांशी मी बोलून ठेवते.

कुरिअरने दोन रबरी चादरी, नायलॉनची दोरी, चिमटे आणि कपड्याचा साबण पाठवला आहे. तुझ्यासाठीही एक चादर आहे, ती तरी स्वतःजवळ ठेव. निळा ड्रेस कपाटात आहे.

तुझी,
आई