गुंगीत मोजलेल्या कोनाबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेल्या लॅब्राडॉर कुत्रीसोबतच्या चिठ्ठीत शेवटची ओळ अशी होती: ‘गुंगीत मोजलेला कोन: डावा ३१ अंश, उजवा ५२.’ पुढचा पाय खांद्यातून बाहेरच्या बाजूला किती उचलला जातो, तो हा कोन. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या इतर सहकाऱ्यांनीही वाचावं, म्हणून ते जाहीरपणे लिहितो आहोत.

खांदा आतल्या बाजूने सैल झाला की एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. कुत्रं थोडं लंगडतं, धावून आल्यावर जास्त. संशय कोपरावर जातो, गोळ्यांवर महिने निघतात आणि फऱ्यावरचं, म्हणजे खांद्याच्या पात्यावरचं, मांस झडतं. तुम्ही ते महिने वाचवलेत.

मोजलंतही नेमकं. कुत्री कुशीवर, दुखरा पाय वर, खांदा आणि कोपर ताठ, एका हाताने फरा दाबून धरलेला आणि दुसऱ्या हाताने पाय छताकडे उचललेला. फरा सुटला तर तोही पायाबरोबर वर येतो आणि कोन फुगतो. पाय बाहेरच्या बाजूला वळला तरी तेच होतं. कुत्रं जागं असेल तर स्नायू आवळून धरतं आणि सैलपणा लपतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत निरोगी खांद्याची सरासरी सुमारे ३३ अंश होती, सैल खांद्याची सुमारे ५४. तरीही एकट्या आकड्यावर जाऊ नये. नुसतं मांस झडल्यानेही कोन थोडा वाढतो, म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या. तुम्ही मोजल्यात.

शस्त्रक्रियेत सांध्यात दुर्बीण घातल्यावर आतल्या अस्थिबंधाचे धागे पिंजलेल्या कापसासारखे सांध्यात तरंगताना दिसले. सबस्कॅप्युलॅरिस या फऱ्याच्या आतल्या बाजूच्या स्नायूच्या कंडरेची कडही विरली होती. या अस्थिबंधाला इंग्रजी ‘वाय’सारख्या दोन शाखा असतात. फऱ्याच्या खोबणीच्या आतल्या कडेला आणि दंडाच्या हाडात अँकर, म्हणजे दोरा धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंट्या, बसवून, न विरघळणाऱ्या जाड दोऱ्याने त्या दोन्ही पुन्हा उभ्या केल्या आणि कंडरेला चुणी घालून टाके घेतले. खरी कसोटी दोरा आवळताना लागते. पाय उभं राहताना असतो तसा धरूनच गाठ मारायची. जास्त ओढला तर पाय पुढे ताणला जात नाही आणि अँकर उपटण्याची भीती असते. कमी ओढला तर सैलपणा तसाच राहतो.

दुसरे आभार घरच्यांना तुम्ही समजावलंत त्याचे. गुळगुळीत फरशीवर पाय एकदा बाहेर फाकला की नवे टाके तुटू शकतात. तुमच्या सांगण्यावरून त्यांनी पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत रबरी चटया अंथरल्या. कोपरांच्या वर दोन्ही दंडांना जोडणारा पायबंद ३ महिने ठेवायचा आहे: चालता येईल इतका ढिला, पाय फाकणार नाहीत इतका आखूड. काखेतली कातडी रोज कोरडी करून पाहायला सांगा. तिथे घासून जखम झाली की लोक पायबंदच काढून टाकतात. व्यायामात पाय फक्त पुढे-मागे हलवायचा, बाहेरच्या बाजूला अजिबात नाही.

एक सावधगिरी इतरांसाठी. खांदा बाहेरच्या बाजूला निखळला असेल तर पाय दुमडून छातीशी बांधणारी व्हेल्पो झोळी बांधू नका. ती दंडाचं डोकं बाहेरच ढकलते. आतल्या बाजूला निखळलेल्या खांद्याला मात्र ती चालते.

आता १२ आठवडे कोन मोजू नका, त्या ओढण्यानेच दुरुस्ती ताणली जाईल. त्यानंतर गुंगी देऊन तुम्हीच मोजा, पुन्हा दोन्ही बाजू, आणि तशीच एका ओळीची चिठ्ठी पाठवा.

आपले कृतज्ञ,
शस्त्रक्रिया विभागातील सहकारी